तळ्यावरचे सत्तावन्न

१४ डिसेंबर

सुट्टीत झोपायचं सोडून कावळे मोजत फिरणाऱ्या नातीस,
आशीर्वाद. उरले आहेत तेवढे सगळे.

तुझं पत्र पोचलं. वरच्या मजल्यावरच्या टायपिस्टाने दोनदा वाचून दाखवलं. एकदा मला कळावं म्हणून आणि एकदा त्याला स्वतःला कळेना म्हणून. तुझी आई म्हणते, पत्रं कसली पाठवता, फोन करा. पण फोनवर तू "हं, हं, बरं, ठेवते" एवढंच बोलतेस. त्यापेक्षा आमचा नळ जास्त बोलतो. पत्रात निदान पानभर लिहावं लागतं, म्हणून तुला ही शिक्षा.

तर यंदा तू येत नाहीस. चार वर्षं सुट्टी लागली की माझ्या मागच्या गॅलरीत येऊन बसायचीस, तळ्यावरचे पक्षी मोजायचीस, मी भांडं जरी आपटलं तरी "आजी, शूऽऽ" करायचीस. स्वतःच्या घरात मी चार वर्षं चोरासारखी वावरले. आणि आता पाचव्या वर्षी, ज्या वर्षी खरं काम आहे, त्या वर्षी मॅडम पथकप्रमुख झाल्या. अभिनंदन. मिठागर, कचऱ्याचा डोंगर, जंगल, धरण, सगळीकडे तुझ्यावाचून पक्ष्यांचं अडलंय. फक्त आजीच्या तळ्याला तारीख उरली नाही.

नियम मी पाठ केलाय, तपासून घे. सलग पाच वर्षं मोजणी झाली पाहिजे. वीस डिसेंबर ते पाच जानेवारी यातली कुठलीही एक सकाळ, एक तास, याच गॅलरीतून. पाण्यावरचे पक्षी वीसच्या खाली गेले नाहीत तर तळं राखीव यादीत. गेले, किंवा मोजणीच राहिली, तर पलीकडचा बस डेपो ते बुजवून त्यावर बसगाड्या उभ्या करणार. म्हणजे मग मी सकाळी उठून टायर मोजायचे.

काळजी करू नकोस. मोजते मी. शर्टाच्या कारखान्यात तीस वर्षं बटणांच्या मशीनवर होते. शर्टामागे सात ठोके. एक चुकला तर मान वर न करता सांगायचे कुठल्या बाईच्या मशीनचा चुकला. तुझे ते पक्षी सात ठोक्यांपेक्षा हुशार असतील असं वाटत नाही.

हा सज्जन टाइप करतोय त्या मशीनची घंटी ओळ संपत आली की टण्ण वाजते. मला आवडते. कारखान्याची आठवण येते.

तुझी,
आजी

[टंकलेखकाची टीप : आजींनी माझ्याविषयी वापरलेला शब्द मी "सज्जन" असा टंकित केला आहे. कृपया नोंद घ्यावी.]


१८ डिसेंबर, मिठागरावरून

आजीस,
वाकून नमस्कार. खरोखर वाकले आहे, कारण कमरेएवढ्या चिखलात बूट अडकलाय.

टोमणे पोचले. एकही वाया गेला नाही.

तुला वाटतं मी मजा मारतेय. पहाटे उठून बांधावरून चालत जायचं, डोळ्यांत मीठ, ओठांवर मीठ, डब्यातल्या भाजीत मात्र मीठ विसरलेलं. समोर चार हजार रोहित पक्षी चिखलात डोकं खुपसून उभे. तीन हजार दोनशेपर्यंत आले तर पथकातल्या बँकवाल्याला शिंक आली. सगळे उडाले. आम्ही पुन्हा एकपासून. शाळेच्या प्रयोगशाळेत वर्षभर परीक्षानळ्या धुते ती याच सुखासाठी.

आता नीट ऐक. गेल्या चार वर्षांचे आपल्या तळ्याचे आकडे : चौतीस, एकोणतीस, सव्वीस, बावीस. बहुतेक चांदवे, म्हणजे ते काळे, कपाळावर पांढरा टिळा असलेले. चार-दोन टिबुकल्या, एखादा पाणकावळा, एक राखी बगळा. एक पक्षी एकदाच मोजायचा. दिसलेला चालतो, ऐकलेला चालतो. अंदाजे चालत नाही. टाळ्या वाजवून उडवायचे नाहीत.

बावीसच्या खाली जाऊन चालणारच नाही असं नाही. पण फार खाली नको.

तुला नीट दिसतं ना अजून? सहज विचारते.

तुझी,
नात


२३ डिसेंबर

सहज विचारणाऱ्या नातीस,
आशीर्वाद.

मला कसं दिसतं ते विचारतेस? तू गेल्या वर्षी घातलेला तो मोरपंखी स्वेटर मला अजून दिसतो, डोळे मिटले तरी. आता बोल.

मोजणी काल झाली. सात ते आठ. गॅलरीतल्या कुंड्या बाजूला केल्या, दोन स्टुलं मांडली. एकावर मी, एकावर टायपिस्ट. त्याला घेतलं ते फक्त आकडे टिपायला. मला लिहिता येत नाही, एवढी एकच गोष्ट मला येत नाही. तो ऑफिसला निघाल्यासारखा कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला. म्हटलं, "पक्षी तुमची मुलाखत घेणार आहेत का?" तर म्हणतो, "आजी, शासकीय काम आहे." निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी माणसाच्या अंगातलं ऑफिस जात नाही.

आता खुर्ची घट्ट धर. सत्तावन्न.

तू चार वर्षं गळ्यात एवढी मोठी दुर्बीण लटकवून चौतीसवरून बावीसवर आलीस. मी एका सकाळी बावीसवरून सत्तावन्नवर नेलं. यापुढे तू परीक्षानळ्या धू, पक्ष्यांचं मी बघते.

डेपोच्या साहेबांना माझा नमस्कार कळव.

तुझी,
आजी

[टंकलेखकाची टीप : ताई, हे आजींना न सांगता लिहितो आहे. त्यांना वाचता येत नसल्याने तूर्त धोका नाही. आजींना दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. परवा चहा कपाशेजारी ओतला आणि "कप गळका आहे" असं मला सुनावलं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून सहा महिने झाले. विषय काढला की माझ्याच तब्येतीची चौकशी करतात. काल पाहिलं ते मी. आजी फक्त "मोजा, मोजा" म्हणत होत्या. मला पक्ष्यांतलं काही कळत नाही. पाण्यावर जे काळं आणि वर पांढरं दिसलं ते प्रामाणिकपणे मोजलं. आकडा इतका चांगला आला की शंका घ्यायला जीव धजला नाही.]


२७ डिसेंबर, कचऱ्याच्या डोंगरावरून

आजीस,
नमस्कार, नाक दाबून.

सत्तावन्न! आजी, तू धन्य आहेस. आकडा लगेच कळवला. गणनाप्रमुखांनी कचऱ्याच्या डोंगरावर उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्याने दोनशे घारी आणि तेवढेच बगळे उडाले, आणि ती मोजणी आम्हाला पुन्हा करावी लागली. सगळ्या शहराने टाकलेलं अन्न इथे येतं आणि त्यावर पक्षी पोसले जातात. जंगलात परवा चार तासांत अकरा पक्षी मिळाले. इथे पहिल्या पाच मिनिटांत बोटं पुरली नाहीत. जंगल बिचारं स्वच्छ आहे, काय करणार.

तब्येतीला जप. ऊन खा.

तुझी,
नात

(वेगळी चिठ्ठी. टायपिस्टकाका, ही वाचून दाखवू नका. सत्तावन्नातले किती हलत होते? किती बुडी मारत होते? शेजारची लाँड्री पावडरचे रिकामे कॅन तळ्यात सोडते, ते काळे असतात आणि टोपण पांढरं असतं. तुम्ही ते मोजले नाहीत ना? काका, नाही म्हणा. आणि डोळ्यांचं मला आधी का नाही कळवलं?)


३० डिसेंबर

कटात सामील असलेल्या नातीस,

आशीर्वाद आज राखून ठेवलेत. वागणूक सुधारली तर पाठवीन.

तुम्हा शिकलेल्या लोकांना वाटतं की वाचता येत नाही म्हणजे कळत नाही. तुझ्या पाकिटातून परवा दोन कागद निघाले. कागदाची घडी उलगडल्याचा आवाज दोनदा झाला. वाचला एकच. दुसरा खिशात गेला, इस्त्रीचा शर्ट कडक असल्यामुळे तेही ऐकू आलं. मग मला मागचं आठवलं. गेल्या पत्रात माझं सांगून संपलं तेव्हा घंटी सव्वीस वेळा वाजली होती. "फक्त खाली नाव टाकतो" म्हणून हा गृहस्थ पुढे आणखी अकरा ओळी टणटणत बसला. नाव टाकायला अकरा ओळी? राजा-महाराजांना लागत नाहीत.

विचारलं. पहिल्यांदा म्हणाला, "मशीन सैल झालंय." मी म्हटलं, "मशीन की जीभ?" मग सगळं वाचून दाखवलं. चिठ्ठीसुद्धा. चष्मा पुसत पुसत.

तर ऐक. हो, मला दिसत नाही. सकाळी तळं म्हणजे पांढरं फडकं, त्यावर थोडी राख सांडलेली. सहा महिने झाले. सांगितलं असतं तर तू मोजणी कुणा परक्याला दिली असतीस, आणि तो माझ्या गॅलरीत बूट घालून फिरला असता. शिवाय ऑपरेशन म्हणजे कुणीतरी शेजारी बसायला हवं. ते कुणी कचऱ्याच्या डोंगरावर आहे.

कॅनचं ऐकून मात्र मी एवढी हसले की वरच्या मजल्यावरून कुणीतरी चौकशीला आलं असतं, पण वरच्या मजल्यावर राहणारा माझ्यासमोरच खाली मान घालून बसला होता. काळं अंग, पांढरं टोपण. ऑफिसात साहेबही त्याने असेच ओळखले असणार.

पण खोटा आकडा माझ्या गॅलरीतून जायचा नाही. तीस वर्षांत एक बटण खोटं लावलं नाही. म्हणून आज पुन्हा बसलो, आणि यावेळी माझ्या पद्धतीने. डेपोची नऊची बस सुटताना फाटकात हॉर्न देते. असा देते की माझ्या भिंतीचा रंग पडतो. पक्षी रोज दचकतात आणि रोज विसरतात, अगदी घरच्यांसारखे. म्हणून आठ ते नऊ बसलो, आणि टायपिस्टाला सांगितलं, "तासभर बघून ठेवा. शेवटी हॉर्न झाला की जे हललं तेवढंच मोजा. जे जागच्या जागी डुलत राहिलं ते लाँड्रीचं." टाळी मी वाजवली नाही. हॉर्न डेपोने दिला. नियम मोडला असेल तर त्यांच्यावर खटला भर.

हलले एकोणीस. अडतीस डुलत राहिले.

टायपिस्ट म्हणाला, "आजी, एक कमी पडतोय. एक टाकून देऊ?" अंगातलं ऑफिस, म्हटलं ना. मी म्हटलं, "गप्प बसा आणि ऐका." डाव्या हाताला पाणकणसाची दाटी आहे तिथून, डुकराचं पिल्लू शेपटीला धरल्यासारखं किंचाळलं. मग थांबून पुन्हा. त्या दाटीत डुक्कर कुठून येणार? मी हा आवाज गेले दोन हिवाळे ऐकतेय. विसावा तो. तुला चार वर्षांत ऐकू आला नाही, कारण तू दुर्बिणीला डोळे चिकटवून मला "शूऽऽ" करण्यात गुंतली होतीस.

सत्तावन्न मागे घे. वीस लिही. आज घंटी चाळीस वेळाच वाजली पाहिजे, मी मोजतेय, पुढे एक वाजली तर मशीन गॅलरीतून खाली जाईल आणि टायपिस्ट तिच्या मागोमाग.

आजी


२ जानेवारी, धरणाच्या काठावरून

आजीस,
नमस्कार. आशीर्वादाची वाट पाहते आहे.

सत्तावन्न मागे घेतला. प्रमुखांचं तोंड पाहण्यासारखं झालं. मग वीस सांगितला, तीनदा, तेव्हा कुठे पोचला. ते म्हणाले, विसावा कोण? मी म्हटलं, पाणकणसात लपून किंचाळणारी फटाकडी असणार, ती लांब लाल चोचीची. ते म्हणाले, कुणी ऐकली? मी म्हटलं, माझ्या आजीने. ते म्हणाले, आकडा एकदा बदललाय आणि डेपोचं पत्र आधीच आलंय की मोजणारी बाई वयस्कर आहे, तिला दिसत नाही. हे त्यांना कुणी सांगितलं देव जाणे, पण तू रोज चहा कपाशेजारी ओतत असशील तर डेपोच्या फाटकापर्यंत वास गेला असेल.

म्हणून पाच तारखेला, शेवटच्या दिवशी, प्रमुख स्वतः येणार आहेत. एक तास बसतील. फटाकडीची खात्री झाली तर वीस. नाही झाली तर एकोणीस, आणि तळं गेलं.

मी येऊ शकत नाही, पाचला धरणाची मोजणी आहे, असं लिहिणार होते. लिहून खोडलं. आजी, धरणाची मोजणी मी मागून घेतली. मिठागरही. मला यंदा कुणीही कुठे पाठवलं नव्हतं. चौतीस, एकोणतीस, सव्वीस, बावीस. मला दिसत होतं पुढे काय येणार ते. एकोणीस हा आकडा तुझ्या गॅलरीत बसून, तुझ्यासमोर, माझ्या हाताने लिहायचा नव्हता. म्हणून तुझ्या गळ्यात घातला आणि चिखलात जाऊन उभी राहिले.

तू माझ्यासाठी दिसत असल्याचं नाटक केलंस. मी माझ्यासाठी कामात असल्याचं. माझं जास्त वाईट.

आता बदलायला माणूस नाही. पथकात बँकवाला उरलाय, त्याला अजून शिंका येताहेत.

नात


६ जानेवारी

नातीस,
आशीर्वाद. यावेळी पूर्ण.

तुझं पत्र वाचताना टायपिस्ट मध्येच थांबला आणि पाणी पिऊन आला. मी थांबले नाही, मी तर ऐकत होते. एवढंच सांगते, चार वर्षांपूर्वीच मला माहीत होतं की तू वाईट बातमी आली की भांडी घासायला पळणारी पोर आहेस. लहानपणी प्रगतिपुस्तक आलं की सगळं घर लख्ख व्हायचं. यंदा चिखलात पळालीस, एवढाच फरक. झालं ते झालं.

आता कालची गोष्ट.

तुझे दुर्बिणवाले साहेब पावणेसातला हजर. गळ्यात दुर्बीण, हातात दुर्बीण, तिपाईवर आणखी एक. मी म्हटलं, "या, बसा." ते म्हणाले, "नको, नाश्ता झालाय." मी पुन्हा म्हटलं, "बसा म्हटलं." ते म्हणाले, "हो, गार आहे खरं." तेव्हाच माझ्या लक्षात आलं. तुझ्या साहेबांना ऐकू येत नाही, हे मला तू कळवलं नव्हतंस. बहुधा त्यांनीही कुणाला कळवलं नसेल. आमच्या वयात हे चालतंच.

म्हणजे बघ. मला दिसत नाही, त्यांना ऐकू येत नाही, आणि टायपिस्टाला दिसतं, ऐकू येतं, पण कळत नाही. तिघं मिळून गॅलरीत एक धड माणूस बसला होता, आणि त्याच्यावर तुझं तळं.

त्यांनी एकोणीस पटकन मोजले. बरोबर एकोणीस. मग पाणकणसाकडे तोंड करून बसले. पिल्लू किंचाळलं. साहेब ढिम्म. मी म्हटलं, "ऐकलंत?" ते म्हणाले, "हो, सुंदर जागा आहे." पुन्हा किंचाळलं. टायपिस्ट उभा राहून ओरडला, "साहेब, आत्ता! आत्ता!" साहेब म्हणाले, "ओरडू नका, पक्षी बुजतात."

आठ वाजायला दहा मिनिटं होती. मी उठले. स्टूल त्यांच्या शेजारी ओढलं, त्यांचं मनगट धरलं. परक्या पुरुषाचं, हो. तुझे आजोबा असते तर बोलले असते. दुर्बीण डोळ्यांना लावायला सांगितली आणि आवाज आला तसा त्यांचा हात फिरवत गेले. थोडं डावीकडे. अजून. खाली. पाण्याच्या काठाशी. पुढे गेली, चालतेय, टपटप पाय पडताहेत. आता थांबली. "इथे," म्हटलं, आणि मनगट दाबून धरलं.

टायपिस्टाचं घड्याळ ऐकू येत होतं.

मग साहेब दुर्बिणीसकट पुढे झुकले. म्हणाले, "लांब लाल चोच. आजी, लांब लाल चोच!" टायपिस्ट म्हणतो, डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. अकरा वर्षांत इथे कुणी पाहिली नव्हती म्हणे. पाहणार कशी? सगळे पाहतच होते.

वीस.

फॉर्म भरताना त्यांनी "दिसला"वर खूण केली. टायपिस्टाने वाचून दाखवलं तेव्हा मी फॉर्मवर हात ठेवला. म्हटलं, "साहेब, पाहिला तुम्ही, पण सापडला मला. 'ऐकला'वरही खूण करा." हे मात्र त्यांना पहिल्या झटक्यात ऐकू आलं. दोन्ही खुणा केल्या. खाली मोजणाऱ्याच्या सहीच्या जागी माझा अंगठा आहे. शाई अजून निघत नाही, कपबश्यांवर ठसे उमटताहेत. तळं यादीत गेलं. डेपोने टायर दुसरीकडे न्यावेत.

आता तुझ्यासाठी. डॉक्टरने पहिला डोळा वीस तारखेला मागितलाय. वीसच सापडली त्याला. यायचं तर ये, मी काही बोलावत नाही. टायपिस्ट आहेच शेजारी बसायला, नर्सला कॅन समजला नाही म्हणजे मिळवली.

इथे माझं संपलं. घंटी बेचाळीस. यापुढे एकही वाजणार नाही, तसं त्याने शपथेवर कबूल केलंय.

तुझी,
आजी

(ताई, हे पेन्सिलीने लिहितो आहे. पेन्सिलीला घंटी नसते. तुमचं पत्र आल्यापासून आजी रोज संध्याकाळी पुढच्या, बसथांब्याकडच्या खिडकीत बसतात. मला म्हणतात, "बसगाड्या मोजतेय, डेपोवर लक्ष नको का ठेवायला?" तुमचं स्टूल गॅलरीतून आत आणून पुसून ठेवलंय. आज सहाच्या बसमधून कोण उतरलं ते मी बघायला गेलो, तर हाताने थांबवलं. म्हणाल्या, "उतरले सात जण. तिचं पाऊल नाही." मी खिडकीतून पाहिलं. सातच होते.)